फुटबॉल खेळायचाय आणि पुण्यात कॉलेजही निवडायचंय? या क्रमाने जा

दहावी-बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या मैदानांवर एक प्रश्न हमखास कानावर येतो: "फुटबॉलसाठी चांगलं कॉलेज कोणतं?" विचारणारे कधी बार्शीचे असतात, कधी कोथरूडचे. या प्रश्नाचं एका नावात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॉलेजचं नाव मोठं, मैदान प्रशस्त, जिमखान्यात ढालींची रांग, आणि मुलगा मात्र वर्षभर बाकावर, असं सर्रास होतं. उलट, कोणी फारसं नाव न घेतलेल्या कॉलेजातून मुलं युनिव्हर्सिटीच्या संघातून खेळून येतात.

मी एकच कसोटी लावतो. या कॉलेजात गेल्यावर वर्षभरात खरे सामने किती मिळतील, आणि त्या सामन्यांसाठी वर्ग बुडाला तर कॉलेज पाठीशी उभं राहील का? खाली सगळं याच अंगाने लिहिलंय. अकरावीला येणाऱ्यांनी पहिली पायरी नीट वाचावी, पदवीला येणाऱ्यांनी दुसरी.

पहिली पायरी: अकरावी म्हणजे अजून 'शालेय'च

गावाकडून येणाऱ्या अनेकांना वाटतं की कॉलेजात पाय ठेवला म्हणजे आता कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं. तसं नसतं. अकरावी-बारावीचे खेळाडू शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये मोडतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या या स्पर्धांत १९ वर्षांखालील गट असतो आणि तोच तुमचा गट. त्याची शिडी सरळ आहे: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा.

यात पुण्याची एक गंमत आहे. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि ग्रामीण पुणे हे तीन वेगळे जिल्हे धरले जातात. म्हणजे शिवाजीनगरचं कॉलेज घेतलं तर एक गट, चिंचवडचं घेतलं तर दुसरा, आणि बारामती-मंचरकडचं घेतलं तर तिसरा. शहरातल्या गटात जुन्या, फुटबॉलवाल्या संस्थांची गर्दी जास्त. तिथे जिंकणं अवघड, पण हरतानाही शिकायला मिळतं. विभागीय फेरीत हे तिघे पुन्हा समोरासमोर येतात, शिवाय सोलापूर आणि नगर असतातच. कोल्हापूर, सांगली, सातारा यांचा विभाग वेगळा. त्यामुळे कोल्हापूरचा मुलगा पुण्यात शिकायला आला की त्याला निदान राज्य स्पर्धेपर्यंत तरी आपल्याच तालीम संघातल्या मित्रांशी भिडावं लागत नाही! (कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची गर्दी अंगवळणी पडलेल्यांना आधीच सांगून ठेवतो, पुण्यात सीमारेषेबाहेर तुमच्या बॅगा राखणारे चार जण असले तरी पुष्कळ.)

दुसरी महत्त्वाची बाब. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच फाटकातून आत जात असलं तरी त्यांचे जिमखाने बहुतेक ठिकाणी वेगळे चालतात. वरिष्ठला शारीरिक शिक्षण संचालक असतात, ज्यांना सगळे 'डायरेक्टर सर' म्हणतात. कनिष्ठला क्रीडा शिक्षक असतात. एखाद्या कॉलेजची सीनियर टीम गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली, या बातमीचा अकरावीतल्या मुलाला काडीचाही उपयोग नाही. अकरावीसाठी चौकशी करताना कनिष्ठ विभागाच्या क्रीडा शिक्षकांनाच गाठा आणि विचारा: गेल्या वर्षी १९ वर्षांखालील संघ उतरवला होता का? मुलींचा? पहिली फेरी पार झाली का? संघच उतरवला नसेल तर पुढचं बोलणं थांबवायला हरकत नाही.

अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. खेळाडूंसाठी समांतर आरक्षण असतं, पण ते अर्ज भरतानाच मागावं लागतं आणि प्रमाणपत्रं तेव्हाच जोडावी लागतात. "सरांशी बोलणं झालंय, ते घेतील" या भरवशावर पसंतीक्रम चुकवू नका. यादी संगणक लावतो, सर नाही.

दुसरी पायरी: पदवीला आधी विद्यापीठ बघा, मग कॉलेज

पदवीच्या पातळीवर सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि नेमका याचाच विचार कोणी करत नाही.

पुण्यातली बहुतेक जुनी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. फर्ग्युसन, स. प., बीएमसीसी, मॉडर्न, गरवारे, वाडिया ही ओळखीची नावं. काही स्वायत्त झाली असली तरी संलग्नता याच विद्यापीठाची. त्यांच्या फुटबॉलचा प्रवास असा: आधी आपल्या विभागात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक असे विभाग आहेत. प्रत्येक विभागाचा एक निवड संघ बनतो. हे विभागीय संघ आपसांत खेळतात, त्याला पोरं 'इंटरझोनल' म्हणतात. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. समोर महाराष्ट्रातली इतर विद्यापीठं, गुजरात, राजस्थान आणि गोवा. गोव्याच्या मुलांशी एकदा खेळलात की आपण कुठे आहोत ते नीट कळतं. तिथे चांगलं खेळलात तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, आणि तिथल्या आघाडीच्या संघांना खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. ही शेवटची स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली, आणि तेव्हापासून विद्यापीठ खेळण्याचं वजन वाढलं आहे.

या साखळीतला तोटा आधी सांगतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने होतात. पहिल्या सामन्यात हरलात की कॉलेजच्या वर्षभराच्या फुटबॉलचा निकाल एका दुपारीच लागला. तीन महिने सराव आणि एक सामना, हे पुण्यातल्या अनेक खेळाडूंचं वास्तव आहे. फायदा असा, की विभागीय संघाची निवड फक्त विजेत्या कॉलेजातून होत नाही. कमकुवत संघातला एखादा चांगला सेंटर बॅकही निवड चाचणीत उचलला जातो. म्हणूनच सगळे तगडे खेळाडू जिथे आधीच गोळा झालेत, तिथेच घुसण्याचा हट्ट नको. अठरा-वीस जणांच्या त्या गर्दीत पहिलं वर्ष बाकावर जायचं असेल, तर दुसऱ्या कॉलेजात दर सामना पूर्ण वेळ खेळणं कधीही बरं.

दुसरा मार्ग अभिमत, खासगी आणि इतर स्वतंत्र विद्यापीठांचा. सिंबायोसिस इंटरनॅशनल, भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील यांची अभिमत विद्यापीठं, एमआयटी-डब्ल्यूपीयू, आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेलं सीओईपी. हे सगळे आंतरविद्यापीठ स्पर्धेला आपापला संघ पाठवू शकतात. इथे मधल्या पायऱ्या गळतात. शेकडो संलग्न कॉलेजांच्या चाळणीतून जायची गरज नाही, आपल्याच आवारातल्या चाचणीत निवड झाली की थेट पश्चिम विभाग. 'युनिव्हर्सिटी खेळलेला' हा शिक्का लवकर लागतो. पण फी जास्त, आणि विद्यापीठाची स्पर्धा सोडली तर बाकीच्या वर्षात सामने मिळतीलच असं नाही. झेस्ट, समिटसारखे कॉलेजांचे क्रीडा महोत्सव थोडी भर घालतात, तेवढंच.

इथे एक पाटी नीट वाचायची असते. सेनापती बापट रस्त्यावरचं सिंबायोसिस कला व वाणिज्य महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, सिंबायोसिस इंटरनॅशनल मात्र वेगळं अभिमत विद्यापीठ. एमआयटीचं आळंदीचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय पुणे विद्यापीठात, कोथरूडचं डब्ल्यूपीयू स्वतंत्र, लोणी काळभोरचं एमआयटी-एडीटी आणखी वेगळं. भारती विद्यापीठ आणि डी. वाय. पाटील यांच्या काही संस्था अभिमत विद्यापीठात आहेत, काही पुणे विद्यापीठाकडे. त्यामुळे प्रवेश घेताना थेट विचारा, "पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार?" जे नाव येईल त्याच विद्यापीठाच्या संघासाठी तुम्ही पात्र.

वयाचाही हिशोब आत्ताच करा. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची कमाल मर्यादा आहे, साधारण २५ वर्षांपर्यंत, आणि बारावीनंतर किती वर्षं खेळता येईल यालाही कुंपण आहे. एखादं वर्ष स्पर्धा परीक्षेत, एखादं ड्रॉपमध्ये घालवून पदवीला येणाऱ्यांनी हे गणित कागदावर मांडून बघावं.

तिसरी पायरी: मैदानावर जा, पण योग्य वेळी

कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या मैदानाच्या फोटोवरून काही ठरवू नका. हिरवंगार दिसणारं मैदान बरेचदा ऑगस्टमधलं असतं. तेच मैदान मार्चमध्ये मुरमाचं असतं, आणि मधोमध क्रिकेटची खेळपट्टी दोरी लावून अडवलेली असते. पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत फुटबॉलला मैदानाचा एक कोपरा मिळतो. तो कोपरा किती वाजता मिळतो, हे जास्त महत्त्वाचं.

जून-जुलैत प्रवेशाच्या धामधुमीत गेलात तर चिखल आणि शुकशुकाट याशिवाय काही दिसणार नाही. खरं चित्र हवं असेल तर आधीच्या हंगामात, ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये, संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. अकरावी किंवा बारावीत असतानाच एखादी चक्कर मारता येते. कठड्यावर बसा आणि अर्धा तास फक्त बघा.

किती जण आलेत? सराव कोण घेतंय, नेमलेले कोच की अंतिम वर्षाचा कोणी सीनियर? सीनियर असला तर वाईटच असं नाही. काही सीनियर कोचपेक्षा कडक असतात. पण तो पुढच्या वर्षी पास होऊन जाणार, मग काय? चेंडू किती आहेत? वीस मुलं आणि तीन चेंडू, त्यातला एक हवा गेलेला, असं दिसलं तर जिमखाना फी कुठे जाते हा प्रश्न मनात नोंदवून ठेवा. गोलकीपरला कोणी वेगळा सराव देतंय का, की तो बिचारा शेवटची वीस मिनिटं नुसते शॉट झेलतोय? तुम्ही गोलकीपर असाल तर या एका गोष्टीवर कॉलेज बदलावं, इतकी ती मोठी आहे. आणि कोणाचा पाय मुरगळला तर मैदानावर बर्फाची पिशवी निघते की "चोळ रे जरा" एवढंच?

सराव संपला की पाणी पीत बसलेल्या मुलांशी बोला. एकच विचारा: "गेल्या वर्षी किती मॅच झाल्या?" जिमखान्यात ऐकलेला आकडा आणि इथे ऐकलेला आकडा जुळला, तर कॉलेज चांगलं.

चौथी पायरी: जिमखान्यात काय विचारायचं

इथे बहुतेक पालक चुकीचा प्रश्न आधी विचारतात: फीमध्ये सवलत किती? तो प्रश्न शेवटी ठेवा. सवलत हा त्या त्या संस्थेच्या धोरणाचा भाग असतो. काही ठिकाणी पूर्ण, काही ठिकाणी थोडी, बऱ्याच ठिकाणी राष्ट्रीय पातळी खेळलेल्यांनाच, आणि अनेक ठिकाणी शून्य. कोणी कबूल केलं तर ते लेखी घ्या, आणि दर वर्षी मिळणार की फक्त पहिल्या वर्षी तेही विचारा.

आधीचा प्रश्न हजेरीचा. ७५ टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना असतो, खेळाडूंनाही. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी गृहीत धरतात, पण ती आपोआप लागत नाही. एका कॉलेजात साताऱ्याहून आलेल्या एका वडिलांचं डायरेक्टर सरांशी झालेलं बोलणं समोर बसून ऐकलं आहे.

"सर, पोरगा खेळायला गेला आणि प्रॅक्टिकल बुडलं तर?"

सरांनी उत्तर देण्याऐवजी कपाटातून एक बॉक्स फाइल काढली. आत प्रत्येक स्पर्धेची संघ यादी, प्राचार्यांच्या सहीचं ऑन ड्युटी पत्र, आणि त्याला टाचलेला एक साधा कागद. त्यावर कोणत्या मुलाचं कोणतं प्रॅक्टिकल कोणत्या तारखेला पुन्हा घेतलं त्याची नोंद, पुढे विभागप्रमुखांची सही. "हे बघा काका, गेल्या वर्षीचं आहे. तुम्ही म्हणाल तर त्यातल्या एका पोराचा नंबर देतो, त्यालाच विचारा."

अशी फाइल असलेलं कॉलेज हाती लागलं की बाकी उणिवा पोटात घाला. याउलट, "काळजी करू नका, आपण बघून घेऊ" असं ऐकू आलं आणि बोट ढालींच्या कपाटाकडे वळलं, तर त्या ढालींवरची सालं वाचा. काही कपाटांतली सगळ्यात ताजी ढाल तुमच्या जन्माआधीची असते.

एक युक्ती सांगतो, जरा आडवळणाची आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक आणि फिरोदिया करंडकाच्या नाटकांच्या तालमींसाठी वर्ग सोडणाऱ्या मुलांना अनेक कॉलेजांत फारसा त्रास होत नाही. फुटबॉलवाल्यांना मात्र प्रत्येक सहीसाठी जिने चढावे लागतात. तेव्हा नाटकवाल्यांना गाठून विचारा, त्यांची हजेरीची पत्रं कोण आणि कशी मंजूर करतं. ती वाट तयार आहे, तुम्ही फक्त तीवरून जायचं.

पाचवी पायरी: शाखा आणि वेळापत्रक

वाणिज्य आणि कला शाखेचे वर्ग पुण्यात बरेचदा सकाळच्या सत्रात असतात. साडेसात-आठला सुरू, दुपारी मोकळे. संध्याकाळच्या सरावाला हे सोयीचं. सकाळी सहाचा सराव असेल तर मात्र घामेजलेल्या अंगाने पहिल्या तासाला धावावं लागतं. विज्ञान शाखेला दुपारी प्रॅक्टिकल असतात आणि नेमकी तीच वेळ सामन्यांची. अभियांत्रिकीत खेळता येत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे, पण तिथे सबमिशनचा आठवडा आणि स्पर्धेचा आठवडा दर वर्षी गळ्यात गळा घालून येतात.

सत्र परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, आणि विद्यापीठाच्या फुटबॉलचा मुख्य हंगामही त्याच्याच आगेमागे. ज्यांना पहिल्या सत्रात विषय राहिले, त्यांचं दुसरं वर्ष एटीकेटीच्या ओझ्याखाली जातं आणि पाय आपोआप जड होतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात खेळ आणि तंदुरुस्तीसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळतात. आपल्या कॉलेजात हा पर्याय प्रत्यक्ष चालतो का, ते विचारा आणि तोच घ्या. संध्याकाळी ज्यासाठी घाम गाळताय, त्याचे श्रेयांक सोडण्यात काय शहाणपण आहे?

सहावी पायरी: कागदपत्रं, आणि हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सोडू नका

जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी हवी. एका ठिकाणी 'वडिलांचं नाव आधी', दुसरीकडे आडनाव आधी, तिसरीकडे तारखेत एक दिवसाचा फरक, एवढ्यावरून मुलं वयोगटाच्या तपासणीत अडकतात, आणि तेही सामन्याच्या सकाळी. दुरुस्तीला वेळ लागतो. एप्रिल-मेच्या सुट्टीतच ती उरका.

प्रमाणपत्रांची दोन ढिगांत वाटणी करा. एकीकडे शासकीय शालेय स्पर्धा, संघटनेच्या अधिकृत राज्य-राष्ट्रीय स्पर्धा, विद्यापीठ. दुसरीकडे खासगी चषक, निमंत्रितांच्या स्पर्धा, टर्फवरच्या फाइव्ह-अ-साइड. दुसरा ढीग घरी भिंतीवर लावा. प्रवेश, सवलतीचे गुण आणि नोकरी या तिन्हींसाठी पहिलाच ढीग लागतो. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे जातात आणि त्याला मुदत असते. शिक्षकांना आठवण करून देण्याचं काम तुमचं.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ मध्ये ते आलं, २०१६ मध्ये नियम सुधारले गेले. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ही पडताळणी करताना नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, तुम्ही खरोखर त्या संघात होता याचा मागही लागतो. म्हणून प्रत्येक स्पर्धेनंतर संघाची प्रवेशिका, निकालपत्रक आणि संघाच्या यादीची एक छायाप्रत मागून घ्या. पाच वर्षांनी आयोजक सापडणार नाहीत. शिवाय किती पातळीचं प्रमाणपत्र कोणत्या गटाच्या पदाला चालतं, हे मूळ शासन निर्णयातच वाचा, कोणाच्या तोंडी माहितीवर नको.

सातवी पायरी: क्लब हवाच

बाद पद्धतीचं वर लिहिलं आहे. त्यामुळे नियमित सामने हवे असतील तर कॉलेजबरोबर क्लब लागतो. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये वेगवेगळ्या श्रेणींत क्लब खेळतात. राज्याची संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच विफा. खडकी, रेंजहिल्स, कॅम्प, घोरपडी हा पुण्याच्या फुटबॉलचा जुना पट्टा. लष्करी छावण्यांच्या सावलीत वाढलेला खेळ आहे हा. शिवाजीनगरच्या एसएसपीएमएसच्या मैदानावरही वर्षानुवर्षं सामने होत आलेत. डेक्कन इलेव्हन, रेंजहिल्स यंग बॉईज, परशुरामियन्स, दिएगो ज्युनिअर्स अशी नावं मैदानावर ऐकू येतील.

क्लब निवडताना मोठ्या श्रेणीचा मोह टाळा. खालच्या श्रेणीत पूर्ण वेळ खेळणारा मुलगा वरच्या श्रेणीतल्या राखीव खेळाडूच्या पुढे निघून जातो. नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन पद्धतीने होते आणि एका हंगामात तुम्ही एका क्लबशी बांधले जाता. सही करण्याआधी क्लबच्या व्यवस्थापकांना कॉलेजच्या तारखा सांगा. कॉलेजच्या सरांनाही क्लबचं नाव सांगा. एका दिवशी दोन सामने आले तर कोणाचं ऐकायचं, हे भांडण सप्टेंबरमध्ये होण्यापेक्षा जुलैत बोलून मिटलेलं बरं.

व्यावसायिक फुटबॉलचं स्वप्न घेऊन पुण्यात येणाऱ्यांना परिस्थिती माहीत असावी. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. बालेवाडीत खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीचा कारभार २०१९ मध्ये आटोपला आणि त्या जागी हैदराबादचा संघ आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, आला. म्हणून "अमुक अकादमीत नाव घाला, आयएसएलची ट्रायल नक्की" असं म्हणत आगाऊ पैसे मागणारे भेटले, तर पावती मागा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

मुलींसाठी थोडं वेगळं

मुलींचा प्रश्न पहिल्या पायरीलाच अडतो: कॉलेजात अकरा मुली आहेत का? २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे सामने बालेवाडीत झाले, पण कॉलेजांचे मुलींचे संघ अजून मोजकेच आहेत. काही ठिकाणी हँडबॉल-बास्केटबॉलच्या मुली गोळा करून स्पर्धेपुरता संघ उभा करतात. त्यात कमीपणा नाही, पण वर्षभराचा सराव मिळत नाही. मुलांबरोबर मिसळून सराव करू देतात का, ते थेट विचारा. काही सर आनंदाने हो म्हणतात, काही टाळतात. टाळणाऱ्यांकडे वेळ घालवू नका.

संख्या कमी असण्याचा एक फायदा मात्र घ्या. विभागीय निवड चाचणीला मुली कमी येतात, त्यामुळे नियमित सराव असलेली मुलगी पहिल्याच वर्षी इंटरझोनलपर्यंत जाऊ शकते. कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह, बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत महिला शिक्षक किंवा व्यवस्थापक जातात का, हे प्रश्न विचारताना संकोच नको. पालकांनी तर विचारलेच पाहिजेत.

राहणं आणि खाणं

खोली कॉलेजजवळ नको, मैदानाजवळ घ्या. लेक्चरला दहा मिनिटं उशीर चालतो, सकाळच्या सरावाला नाही. शिवाजीनगर, डेक्कन, गरवारे कॉलेज या मेट्रो स्टेशनांच्या आसपास राहिलात तर दोन्हीकडे जाणं सोपं पडतं. पीएमपीच्या बसच्या भरवशावर सहाचा सराव गाठायचा असेल तर आधी एक आठवडा प्रयोग करून बघा. मेस ठरवताना सकाळी नाश्ता किती वाजता मिळतो ते विचारा. सराव संपवून साडेआठला आलेल्याला पोहे संपलेले मिळत असतील, तर दुधाची पिशवी, केळी, उकडलेली अंडी, चणे यांची सोय खोलीवरच करावी लागेल. हॉस्टेलचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं, हेही बघा. लांबच्या सामन्याहून परतायला उशीर होतोच.

प्रवेश झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस

जिमखान्यात जाऊन नाव, जन्मतारीख, आधी खेळलेली पातळी आणि मोबाइल नंबर लिहिलेला एक कागद द्या. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. निवड चाचणीची सूचना फलकावर लागते, ग्रुपवर टाकायला विसरतात, म्हणून फलक रोज बघा. पात्रता अर्जाला बोनाफाईड, फी भरल्याची पावती, बारावीची गुणपत्रिका आणि फोटो लागतात. त्याचा एक संच बॅगेतच ठेवा. दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लगेच मागवा. ते येईपर्यंत पात्रता अडकते.

चाचणी बहुधा पावसात होते. मुरमाच्या मैदानावर लांब स्टडचे बूट घसरतात आणि घोट्याला मार बसतो, तेव्हा आखूड मोल्डेड स्टड घाला, शिनगार्ड विसरू नका, कोरडे मोजे दोन जोड घ्या. अर्जावर जागा विचारली की एकच लिहा, लेफ्ट बॅक तर लेफ्ट बॅक. "कुठेही खेळतो" लिहिणाऱ्यांना शेवटच्या दहा मिनिटांत, जिथे माणूस कमी पडेल तिथे उभं करतात.